ठाण्याचं स्थळ, कल्याणचं स्थळ

डोंबिवलीत वस्तू विकत घेणं हा खरेदीतला शेवटचा आणि सर्वांत किरकोळ टप्पा असतो. त्याआधी चौकशी असते. प्रेशर कुकरची रिंग घ्यायची झाली तरी आमचा माणूस आधी पूर्वेला विचारतो, मग पूल ओलांडून पश्चिमेला विचारतो, ऑफिसातून येताना मुद्दाम दादरला उतरून तिथला भाव काढतो, गाडीतल्या ग्रुपपुढे विषय मांडतो, त्यावर दोन दिवस उलटसुलट चर्चा होते आणि अखेर आपल्याच इमारतीखालच्या दुकानातून, पहिल्या दिवशी सांगितलेल्याच भावाला, रिंग घेऊन तो घरी येतो. दरम्यान आठवडाभर घरातलं वरण पातेल्यात शिजत असतं. पण चौकशी न करता आणलेली रिंग कुकरला बसत नाही, अशी आमची श्रद्धा आहे.

तेव्हा मी जुना डिजिटल कॅमेरा घ्यायचा ठरवलाय, हे मी संध्याकाळी फडके रोडवर आमच्या निवृत्त मंडळींत जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यांवर जे तेज आलं ते पेन्शनवाढीच्या बातमीनेही येत नाही. "जुना का?" इथपासून "कॅमेराच का?" इथपर्यंत सगळे प्रश्न झाले. एकाने तर "फोटो कशाला काढायचे?" असा थेट मुळालाच हात घातला.

कशाला ते सांगतो.

आमच्या बाहेरच्या खोलीत बाबांचा फोटो आहे. १९९६ साली ते गेले तेव्हा घरभर शोधाशोध झाली. ट्रंका उपसल्या, अल्बम उलगडले. आमचे सगळ्यांचे फोटो निघाले. मी रडताना, बहीण फ्रॉकात, आई जिन्यात, मी पुन्हा रडताना. बाबांचा एकट्याचा फोटो एकही नाही. कारण सोपं होतं. घरातला आगफाचा क्लिक-थ्री कॅमेरा बाबांच्या गळ्यात असायचा आणि त्याला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. एका रोळात १२ फोटो. त्यातले ११ आमचे आणि बारावा, रोळ संपवून एकदाचा धुवायला टाकता यावा म्हणून, समोरच्या इमारतीचा. त्या इमारतीचे आमच्याकडे वेगवेगळ्या ऋतूंतले निदान २० फोटो आहेत. ज्याने ते काढले त्याचा एकही नाही.

शेवटी १९८९ सालच्या एका मुंजीच्या ग्रुप-फोटोतून बाबांना कापून काढलं, मोठं केलं आणि चौकटीत बसवलं. काम चांगलं झालं. फक्त डाव्या कडेला कुणाचा तरी खांदा राहिला. जरीकाठाचं उपरणं आहे त्या खांद्यावर. तो खांदा कुणाचा यावर गेली इतकी वर्षं आमच्या घराण्यात एकमत झालेलं नाही. आत्या म्हणते गुरुजींचा. काका म्हणतात मुंज झालेल्या मुलाच्या आजोबांचा. कुणाचा का असेना, दरवर्षी श्राद्धाच्या दिवशी आम्ही बाबांना हार घालतो तेव्हा त्या खांद्यालाही घालतो. ते गृहस्थ हयात असतील तर त्यांनी माफ करावं.

तर आमच्या मातोश्री. वय ८४. दोन्ही गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र तेलपाणी केल्यासारखी चालते. मागच्या पितृपक्षात त्या खांद्याकडे बघत बघत तिने एकदम सांगून टाकलं, "मला कुणातून कापून काढू नका हं. माझा फोटो वेळेवर काढा."

आता आईने असं म्हटल्यावर मुलाने "असं काय बोलतेस" म्हणायची पद्धत आहे. मी म्हटलंही. ती म्हणाली, "बोलत नाहीये, कामाचं सांगत्येय."

म्हणून आधी फोन काढला. आमच्या फोनला पाठीवर तीन डोळे आहेत आणि अक्कलही भरपूर आहे, निदान त्याची स्वतःची तशी समजूत आहे. मी आईला खुर्चीत बसवून फोटो काढला आणि तिला दाखवला. चष्मा लावून तिने तो बराच वेळ पाहिला.

"ही कोण?"

"तू."

"मी? अरे, हिला अजून सून यायचीय."

खरंच होतं. फोनने आपण होऊन आईची कातडी इस्त्री केली होती. गालाला गुलाबी रंग, कपाळ संगमरवरी. ८४ वर्षं खपून मिळवलेली एकेक सुरकुती या दीडशहाण्याने क्षणात पुसून टाकली होती. माझ्या भाच्याने "मामा, ते सेटिंग बंद करायचं असतं" म्हणत ते बंद केलं. आई ओळखू यायला लागली, पण फोनची खोड पुरती गेली नाही. सावली दिसली की उजळ, पदराचा रंग दिसला की आणखी गडद कर, असं त्याचं आपलं चालूच. अहो, नऊवार सुती पातळ आहे ते, पैठणी नाही! मला असा कॅमेरा हवा होता ज्याला स्वतःची मतं नाहीत.

असे कॅमेरे जुन्यात मिळतात. डीएसएलआर म्हणजे तत्त्वतः फार साधा मनुष्य. लेन्समधून उजेड आत येतो, तिरक्या आरशावर आपटून वर भिंगात जातो आणि तिथून तुमच्या डोळ्यात. बटण दाबलं की आरसा खटकन वर उचलला जातो आणि तोच उजेड मागे सेन्सरवर पडतो. लेन्सला जे दिसतं तेच तुम्हाला दिसतं. मध्ये कुणी दलाल नाही. पण हल्ली नव्या कॅमेऱ्यांतून आरसाच काढून टाकलाय. कॅनन आणि निकॉन दोघांनीही आपापला सर्वांत वरचा आरसेवाला कॅमेरा २०२० साली काढला, त्यानंतर त्या पायरीवर आरसेवाला नवा आलेला नाही. त्यामुळे एकेकाळी दुकानात काचेआड बसणारे आणि विचारल्याशिवाय हात लावू न देणारे हे कॅमेरे आता निवृत्त अधिकाऱ्यासारखे सगळ्यांना उपलब्ध असतात.

चौकशीअंती दोन स्थळं हाती आली. एक निकॉनचा डी-९०, ठाण्याला, नौपाड्यात. दुसरा कॅननचा ५०-डी, कल्याणला, पारनाक्याजवळ. मधोमध डोंबिवली, म्हणजे मी. गंमत म्हणजे हे दोघे जगापुढे आले ते अवघ्या एका दिवसाच्या अंतराने: ५०-डी २६ ऑगस्ट २००८ला आणि डी-९० २७ ऑगस्टला. जुळ्यांच्या पत्रिका जुळवायला बसावं तसं झालं. पाठीवरचा पडदा दोघांचाही तीन इंची. दोघांचंही शटर एक लाख खटक्यांपर्यंत तपासलेलं. किंमत दोन्हीकडे, लेन्स धरून, हिने मंजूर केलेल्या १५ हजारांच्या आत.

फरक होते त्यावर आमचं मंडळ तुटून पडलं. कॅनन १५.१ मेगापिक्सेलचा, निकॉन १२.३ चा. मेगापिक्सेल म्हणजे काय हे आमच्यात कुणालाच नीट सांगता येत नव्हतं, पण १५ हे १२ पेक्षा जास्त असतात, यावर मात्र चटकन एकमत झालं. कॅननचं अंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं, वजन ७३० ग्रॅम. निकॉनचं प्लॅस्टिकचं, ६२० ग्रॅम. म्हणजे फरक अदपाव भाजीचा. कॅनन एका सेकंदात सहाच्या वर फोटो काढतो, निकॉन साडेचार. "पक्षी काढायचे तर कॅननच," असा निकाल एकाने दिला. "ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो येतात."

"मला आईचा फोटो काढायचाय," मी म्हटलं.

"तरी पण," ते म्हणाले.

एका सेकंदात सहा फोटो काढण्याइतकी आमची आई चपळ नाही. उलट ती त्या पिढीतली आहे जिला स्टुडिओवाल्याने काळ्या फडक्याआडून "हलू नका" म्हणून बजावलं होतं. ते तिने इतकं मनावर घेतलंय की कॅमेरा दिसला की ती श्वास रोखते. एकदा एका लग्नात फोटोग्राफरला फ्लॅश बदलायला वेळ लागला तेव्हा ती निळी पडायची वेळ आली होती.

आधी ठाण्याला गेलो. जुना कॅमेरा पाहायला जाताना खिशात विजेरी न्यावी, असं भाच्याने शिकवलं होतं. आपल्याकडच्या पावसाळी हवेत लेन्सच्या आतल्या काचांवर बुरशी धरते. विजेरीचा झोत तिरका टाकला की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात. तसं दिसलं की चहा घ्यावा आणि उठावं. शिवाय भोक बारीक करून मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढावा. सेन्सरवर धूळ असली तर आभाळात काळे ठिपके दिसतात. टोपण लावूनही एक काढावा. अंधारात एखादा लाल-निळा ठिपका चमकला तर तो सेन्सरचा कायमचा तीळ समजावा.

ठाण्याचं घर टापटिपीचं. मालक माझ्याच वयाचे, निवृत्त. कॅमेरा कपाटाच्या वरच्या कप्प्यात, साड्यांच्या शेजारी, डब्यात, डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्या, पुड्यांवर तारखा. मूळ खोकं, बिल, माहितीचं पुस्तक, सगळं हजर. गळ्यातल्या पट्ट्याचं प्लॅस्टिकसुद्धा काढलं नव्हतं. विजेरीत लेन्स स्वच्छ, आभाळ निष्कलंक. निकॉनचं एक बरं असतं, आजवर किती खटके झाले तो आकडा तो प्रत्येक फोटोच्या फायलीत लिहून ठेवतो. भाच्याने तो काढला: ८,२१४.

"इतके कमी?" मी विचारलं.

"नातू यायचा ना अमेरिकेतून, तेव्हा काढायचा बाहेर," ते म्हणाले. "आता तो कॉलेजात गेला. येत नाही फारसा."

त्यांच्या सौभाग्यवतींनी पोहे आणले. मग त्यांनी नातवाचे फोटो दाखवले. तलावपाळीवर नातू, घोडागाडीत नातू, उपवनला नातू. प्रत्येक फोटोत नातवाचे कपाळापासून वरचे केस कापलेले होते आणि पायांखालची जमीन मात्र भरपूर होती. दहा वर्षांचे फोटो पाहिले, मुलगा वाढत गेला, कपाळ कधी पूर्ण आलं नाही. "कॅमेरा उत्तम आहे," ते म्हणाले, "मलाच जमलं नाही." एवढं खरं बोलणारा विक्रेता मी यापूर्वी पाहिला नव्हता.

मग कल्याण. तिथला मालक तिशीतला मुलगा, लग्नाचे फोटो काढणारा. कॅमेऱ्याच्या कोपऱ्यांवरचा रंग उडून धातू दिसत होता, मुठीचं रबर एका बाजूने सुटलं होतं आणि ते त्याने चिकटपट्टीने बसवलं होतं. ५०-डी आपल्या खटक्यांचा आकडा फोटोत लिहीत नाही. बाईमाणसासारखं वय लपवतो, असं लिहिणार होतो, पण घरात वाचतात. मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "लाख कधीच झाले असतील, काका. मोजायला सवड कुठे होती? एका सीझनला चाळीस-चाळीस लग्नं मारलीत यावर."

मी विजेरी काढली तसा तो हसला. "बघा, बघा. डाव्या कडेला जरा बुरशी आहे. फोटोत येत नाही, पण आहे." म्हणजे हाही खरं बोलणारा! एकाच आठवड्यात दोन. चौकशीची माझी सगळी हत्यारं बोथट झाली.

मग मी कॅमेरा न्याहाळत उभा असताना त्याने तो सहज माझ्या हातातून घेतला, मला "त्या दाराकडे बघा" म्हणाला आणि काहीतरी विचारलं. डोंबिवली फास्टला पूर्वी खिडकी मिळायची का, असं काहीतरी. मी तावातावाने सांगू लागलो. खटक्. त्याने पडदा माझ्यापुढे धरला.

गेल्या वीस वर्षांत माझा इतका चांगला फोटो निघाला नव्हता. पोट नव्हतं असं नाही. पोट होतं, पण ते माझं वाटत होतं. घरी आल्यावर हिने फोटो बघून विचारलं, "अहो, कोणाशी बोलताय एवढं खुशीत?"

आता पंचाईत बघा. ज्या कॅमेऱ्याचा देह झिजलेला, त्याच्यातून जिवंत माणूस निघत होता. आणि जो फुलासारखा जपलेला, त्याच्यातून बिनकपाळाचा नातू. मंडळाने निर्णय दिला: कॅनन. आत्या म्हणाली निकॉन, कारण तिच्या मामेसासऱ्यांचा निकॉन होता. हा मुद्दा वाटतो तितका वेडगळ नाही. निकॉनची लेन्स अडकवायची खाच १९५९पासून तीच आहे, अगदी आरंभीच्या काही लेन्सा सोडल्या तर मामेसासऱ्यांची लेन्स आजही बसली असती. कॅननने १९८७ साली खाच बदलली आणि आधीच्या लेन्सांना घराबाहेर काढलं. शिवाय एकाची लेन्स डावीकडे फिरवून बसते, दुसऱ्याची उजवीकडे. जपानात बसून या दोन घराण्यांनी एवढ्या लहान गोष्टीतही एकमेकांशी सहमत व्हायचं नाकारलं, हे पाहून मला आमच्या इमारतीच्या सर्वसाधारण सभेची आठवण झाली.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग त्या कल्याणच्या मुलालाच का नाही बोलवत? कॅमेऱ्यासकट."

तीन आठवड्यांच्या चौकशीवर इतकं थंड पाणी आजवर कुणी ओतलं नसेल. मी म्हटलं, "आई, मला शिकायचंय." ती म्हणाली, "माझ्याकडे किती वेळ आहे ते बघून शीक." विनोदाने म्हणाली. मी मात्र रात्री बराच वेळ जागा होतो.

आणि त्या रात्री एका मुद्द्यावर येऊन मी अडकलो, जो आमच्या मंडळात कुणी काढलाच नव्हता. ५०-डी बोलका फोटो काढतो, पण त्याला चित्रफीत घेता येत नाही. डी-९० घेतो. डीएसएलआर जातीत चित्रफीत घेणारा तो जगातला पहिला. फीत साधी, आवाज एका कानाचा, आणि जरा बऱ्या प्रतीची हवी असेल तर सलग पाचच मिनिटं. मग तो आपोआप थांबतो. फोन याहून चांगली घेतो हे मला ठाऊक आहे. पण फोन उगारला की आईला वाटतं मी कुणाचा तरी निरोप वाचतोय, आणि ती बोलायची थांबते. कॅमेऱ्यापुढे माणसं बोलतात. निदान कल्याणला मी तरी बोललो होतो.

बाबांचा फोटो खांद्यासकट का होईना, आहे. त्यांचा आवाज कुठेच नाही. बहीण म्हणते खर्जातला होता, मला तो जरा फाटका आठवतो. हाही वाद त्या खांद्यासारखाच मिटायचा नाही.

बाकीचे मुद्दे मग आपोआप ओळीत आले. निकॉनला साधं एसडी कार्ड लागतं, तेही ३२ जीबीच्या आतलं. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. कॅननला कॉम्पॅक्ट फ्लॅश नावाचं जाडजूड कार्ड लागतं, ते शोधायला आता फोर्टात बोरा बाजारापर्यंत जावं लागेल, आणि ते तिरकं घुसवलं तर आतल्या पन्नास पिनांपैकी एखादी वाकते. माझा हात कुलपात किल्लीसुद्धा तिरकी घालतो.

ठाण्याला जाऊन पैसे दिले. मालकांनी पुड्या बदलून दिल्या, नव्या तारखा घातल्या आणि निघताना म्हणाले, "जमलं तर एखादा फोटो दाखवा. पूर्ण डोकं आलेला."

कल्याणच्या मुलाला फोन करून नकार कळवला. नकार कळवायचा असतो. मुलीकडचे कळवत नाहीत म्हणून आपण कशाला सोडा? तो जराही हिरमुसला नाही. "काही नाही, काका. आजींना खिडकीशी बसवा, उजेड एका बाजूने येऊ द्या. फ्लॅश नको. आणि बोलतं ठेवा त्यांना. फोटो काढतोय असं सांगूच नका." या सल्ल्याला पैसे पडले असते तर ते कॅमेऱ्याच्या किमतीहून जास्त झाले असते. मी आभार मानले आणि आता कोणते फोटो काढतोस विचारलं. "लग्नंच," तो म्हणाला. "आरसा गेला, काका, लग्नं कुठे गेली?"

सकाळी दहाच्या सुमारास आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून चांगला उजेड येतो. आई मटार सोलत बसली होती. मी विचारलं, "तू गिरगावातून डोंबिवलीला आलीस तो दिवस आठवतो का?" आणि सोलता सोलता ती सुरू झाली. श्वास रोखायचा तिला विसर पडला. अकरा फोटो काढले, तीनांत डोकं पूर्ण आलं, एकात ती माझ्याकडे असं बघत्येय की आता पुढचं वाक्य माझ्याच विरुद्ध येणार. तो तिला दाखवला.

चष्मा पुसून तिने पाहिला. "सुरकुत्या सगळ्या आल्यात ना?"

"सगळ्या."

"मग हा ठेव. पण आत्ताच लावू नकोस भिंतीवर. लोक उगाच विचारायला येतील."

चित्रफीत मात्र अजून पुरी झालेली नाही. दोष पाच मिनिटांचा. १९७१ साली, मे महिन्यात, एक ट्रंक, एक शिवणयंत्र, कडेवर माझी बहीण आणि हाताला धरलेला मी, असा संसार घेऊन ती बोरीबंदरला स्लो गाडीत चढली. आमच्या घरात कुणालाही भायखळ्याच्या आत मुद्द्यावर यायची सवय नाही. शिवणयंत्राला हमालाने किती मागितले यात पहिला तुकडा संपला. समोरच्या बाकावरच्या बाईशी दूरचं नातं निघालं, त्यात दुसरा आणि तिसरा. ठाण्याला बाबा पाणी आणायला उतरले तिथे कॅमेरा थांबला आणि मी घाईघाईने पुन्हा बटण दाबेपर्यंत ते चढलेसुद्धा होते. ती पुन्हा उतरवायला तयार नाही. आजपर्यंत सात तुकडे झालेत आणि ट्रंक अजून मुंब्र्यालाच आहे.